झडणारी देवी

नायजेरियाहून शिकायला आलेल्या एका पोरानं मला फसवलं.

शाहूपुरीत माझी गुळाची पेढी होती आणि तो समोरच्या माडीवर राहायचा. चित्रं काढायचा, पण रंग विकत घेत नसे. कागलची काळी आणि गगनबावड्याची तांबडी माती आणायचा, चिमटीत चोळून हुंगायचा आणि मगच पाण्यात कालवायचा. त्याच्या इग्बो लोकांची भूमाता त्यानं रंगवली होती, मांडीवर मूल घेतलेली. भरपूर घासाघीस करून मी ती घेतली आणि गल्ल्यामागं टांगली.

वर्षाच्या आत देवी झडायला लागली. आधी मूल गेलं, मग तोंड. मी माडीवर जाऊन त्याला झापलं.

एव्हाना आमची बोली शिकलेला तो शांतपणे म्हणाला, "मालक, आमच्यात तिचं देऊळबी मातीचंच. पडलं तर पडू देत्यात, लिंपत न्हाईत. तुमी गणपती बुडवता, मग कुंभाराला जाब इचारता व्हय?"

घरी बायको म्हणाली, "बरोबरच हाय की त्याचं." खाली पडलेली माती ती झाडूही देईना.

पुढं तो मायदेशी गेला. पण गणपती बुडणार हे घेतानाच ठाऊक असतं. ही झडणार, हे त्यानं घासाघीस चालू असताना का सांगितलं नाही? असेल तिथून त्यानं मला याचं उत्तर द्यावं.