अमृत मास्तरांच्या रेसरला नवे गियर

रहिमतपूरच्या स्टँडमागं नानासोचं सायकलचं दुकान आहे. 'सर्व प्रकारच्या सायकली दुरुस्त करून मिळतील' एवढंच पाटीवर लिहिलंय, आणि नानासोच्या मते ही पाटी त्याच्यावर अन्याय करते. सतरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये ट्रक उघडून जोडणाऱ्या माणसाला नुसतं सायकलवाला म्हणायचं म्हणजे काय? लेहला एका रात्री त्यानं किती ट्रक चालू केले, हा आकडा दर दिवाळीला एकानं वाढतो. सध्या तो चौदावर आहे.

'होत न्हाई' हे दोन शब्द नानासोच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. फवारणीचा पंप म्हणू नका, गिरणीचा पट्टा म्हणू नका, देवळातल्या घंटेची कडी म्हणू नका, आलेलं काम त्यानं परत पाठवलेलं नाही. एका म्हाताऱ्याची टोचणारी कवळीसुद्धा त्यानं कानशीनं घासून बसवून दिली होती. म्हातारा पुढं आठ वर्षं जगला आणि शेवटपर्यंत नानासोचं नाव घेऊन भाकरी चावत होता.

तर या दुकानात भाद्रपद संपता संपता अमृत मास्तर आले. हातात सायकल धरून, चालत.

मास्तर म्हणजे हायस्कुलातले निवृत्त पीटीचे शिक्षक. वय त्रेसष्ट, पोट सपाट, पोटऱ्या अशा की बघणाऱ्यानं आपला पायजमा खाली ओढून घ्यावा. तरुणपणी ते सायकलच्या शर्यती मारायचे, आणि ही सायकल त्या काळातली. निळी, पोलादी, इटलीत घडलेली रेसर. फौजेच्या संघातल्या एका खेळाडूकडून त्यांनी ती मिळवली होती आणि अडतीस वर्षं स्वतःच्या हातानं पुसली होती.

"नानासो, हिचे गियर हँडलवर आणून दे," मास्तर म्हणाले.

जुन्या रेसरच्या गियरच्या दांड्या हँडलवर नसतात. त्या खाली, तिरक्या नळीवर, गुडघ्याजवळ असतात. गियर बदलायचा म्हणजे एक हात सोडून खाली वाकायचं. मास्तरांनी हे तीस-पस्तीस वर्षं डोळे झाकून केलं. पण तीन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून त्यांचा डावा खांदा मोडला आणि आत लोखंडी पट्टी आली. आता उजवा हात गियरला खाली गेला की सगळा भार डाव्यावर येई, खांदा दगा देई आणि हँडल लटपटे. दोनदा पडले. दुसऱ्यांदा तर थेट रस्त्याकडेच्या उसात शिरले, आणि बाहेर काढायला धावून आले त्यांचेच जुने विद्यार्थी. एकानं वर विचारलं, "सर, आमाला सरळ रेषेत पळायला तुमीच शिकवलं न्हवं?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी मास्तरांनी सोसलं असतं. पण त्यांची धाकटी बहीण माया मेढ्याला दिली होती. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला मास्तर आपट्याचं सोनं घेऊन सायकलवर तिच्या दारात जायचे. पन्नासेक किलोमीटर. तेच त्यांचं सीमोल्लंघन. गेली तीन वर्षं ते एसटीनं गेले, आणि गेल्या दसऱ्याला माया हसत हसत म्हणाली, "दादा, एसटीनं आलेलं सोनं म्हंजी नुसता पाला की रं."

ती म्हणाली आणि विसरली. मास्तर वर्षभर ते वाक्य चघळत होते.

"पुण्याचा एक हॉटेलवाला हिला भिंतीवर टांगायला मागतोय," मास्तर सायकलीच्या सीटवर हात ठेवून म्हणाले. "यंदा दसऱ्याला हिच्यावर बसून मेढ्याला गेलो तर ठीक. न्हाई गेलो तर देऊन टाकणार. घरात ठिवून रोज बघणं मला जमणार न्हाई."

"टांगायचं कुणाला? हॉटेलवाल्याला?" नानासो म्हणाला. "हो जाएगा मास्तर. दसऱ्याला तुमी सायकलवर. शब्द हाय माझा."

ब्रेक आणि गियर एकाच मुठीत असलेलं आधुनिक यंत्र नानासोनं आयुष्यात कधी जुन्या रेसरला बसवलेलं नव्हतं, ही बारीक गोष्ट त्यानं सांगितली नाही. त्याला ती बारीकच वाटली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं सांगलीला गेला. तिथं इंद्रजितचं सायकलींचं मोठं काचेचं दुकान आहे, आत एसी. इंद्रजितनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, एवढा कुटाणा कशाला? मास्तरांना कार्बनची नवी सायकल द्या. सात किलो वजन. करंगळीवर उचलत्यात."

"मास्तर सायकल चालवणार हायेत, उचलणार न्हाईत," नानासो म्हणाला.

मग त्यानं दुकानातल्या चकाचक नव्या मुठी बाजूला सारून एक वापरलेली जोडी निवडली. थोडी आधीच्या पिढीची. हिच्यात गियरच्या वायरी हँडलच्या पट्टीखाली लपत नाहीत, मुठीच्या आतल्या अंगानं बाहेर पडतात आणि समोर दोन कमानी करून खाली उतरतात. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखी दिसते सायकल. "काय बिघडलं तर डोळ्यानं दिसतं," हे नानासोचं त्यामागचं कारण. त्यासोबत नऊ चकत्यांची कॅसेट, तिचं मागचं चाक आणि त्याला जुळणारा डिरेलर, म्हणजे साखळी या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा हात, एवढं बांधून तो संध्याकाळच्या गाडीनं परत आला.

खरं दुखणं निघालं ते मागच्या चाकाला. जुन्या सायकलीच्या मागच्या दोन पायांत, म्हणजे चाक मधे धरणाऱ्या नळ्यांत, अंतर एकशे सव्वीस मिलिमीटर, नव्या चाकाला हवं एकशे तीस. चार मिलिमीटर. नानासोनं आटे पाडलेली एक जाड सळई दोन पायांमध्ये घातली, दोन्हीकडं नट लावले आणि पान्यानं ते बाहेरच्या दिशेला फिरवायला सुरुवात केली. नेमके तेव्हाच मास्तर दारात आले.

"अरं! पाय फाकवतोयस व्हय तिचं!"

"पोलाद हाय मास्तर. ऐकतंय. अल्युमिनियम असतं तर हात लावला नसता."

"हळू की रं गड्या! आवाज आला!"

"तुमच्या दातांचा आला."

पोलाद ताणून सोडलं की थोडं मागं येतं. म्हणून नानासो थोडं ताणी, सोडी, मोजी, परत ताणी. मग हँडलखालच्या नळीपासून मागच्या दोन्ही पायांपर्यंत दोरा ओढून मधल्या नळीपासूनचं अंतर बघितलं. दोन्ही बाजूंना सारखं भरलं. चार दिवस हे चाललं. मास्तर चारही दिवस बाकड्यावर बसून होते, दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसतात तसे. त्यानंतरचं काम सोपं होतं. खाली नळीवर जिथं गियरच्या दांड्या होत्या, तिथं वायर अडकवायच्या दोन छोट्या बेचक्या बसल्या. वायर कमी-जास्त ताणायला बोटानं फिरवायचा एक स्क्रू प्रत्येकीला. फ्रेमला ना करवत लागली, ना वेल्डिंग.

खंडेनवमीला सकाळी नानासोनं सायकल दुकानासमोर तीन फेऱ्या मारून आणली. टक, टक, टक. नऊच्या नऊ चकत्या. हात हँडलवर, नजर रस्त्यावर. त्यानं मास्तरांना फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी या. दाढी करून या."

त्या दिवशी दुपारी पूजा झाली. नानासोचं घर दुकानाला लागूनच, आणि घरात खंडेनवमी लय कडक असते. तो आणि त्याची बायको रंगुबाई दोघंही मूळचे आटपाडीकडचे. बापजाद्यांनी मेंढरांमागं आयुष्य काढलेलं, तेव्हापासूनची रीत अशी की कुऱ्हाड, कात्री, विळा, जे जे हत्यार पोटाला देतं ते सगळं धुऊन पूजेत मांडायचं, आणि दसऱ्याला दुपारी आरती होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नानासोचे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सगळे हळदीकुंकू लावून घोंगडीवर बसले. शेजारी सायकलही, पण ती गिऱ्हाइकाची, पाहुणी; तिला हात न लावायची रीत लागू नव्हती. रंगुबाईनं झेंडूचा मोठा हार केला आणि सायकलीला घातला.

दसऱ्याला उजाडता उजाडता मास्तर आले. दाढी केलेली, पाठीवरच्या पिशवीत आपट्याची पानं. सायकलीला नमस्कार केला, टांग मारली आणि गेले. नानासो छाती काढून उभा राहिला.

वीस मिनिटांनी मास्तर सायकल हातात धरून चालत परत आले.

"आपोआप बदलतंय," ते म्हणाले. "वळणावर हँडल फिरलं की खाटकन दुसऱ्यावर जातंय. चढाला हलका गियर टाकला तर टिकत न्हाई." मग थोडं थांबून, नानासोकडं न बघता, "जाऊ दे. तू लय केलंस. एसटी साडेआठला हाय."

 नानासोला एकच सुचलं, पोलाद परत आलं असणार. चार मिलिमीटर रात्रीत आवळले, चाक तिरकं झालं. सगळं खोलायला पाहिजे. त्यानं घोंगडीकडं हात नेला.

"आवं! हात लावू नगा," रंगुबाई आतून आली.

"अगं, इमर्जन्सी हाय. फौजेत इमर्जन्सीला सगळं चालतंय."

"फौजेत मी न्हवते."

"एकच पाना. अर्धा मिनिट."

"पूजेतला देव उठवून तुमी त्याला नट आवळाय लावणार? दुपारी आरती झाली की घ्या."

"दुपारी मास्तर मेढ्यात पायजेत!"

"मग हातानं करा. हात न्हाई मांडलेत पूजेत."

पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात पाना हातात नसलेला नानासो पहिल्यांदाच बिघाडापुढं बसला. हात मांडीवर. हे फार अवघड बसणं होतं. एरवी तो आधी खोलायचा आणि मग विचार करायचा. आज खोलता येत नव्हतं, म्हणून नाइलाजानं बघू लागला. मास्तरांना सीट उचलायला सांगून त्यानं हातानं पायडल फिरवलं. चाक सरळ फिरत होतं, दोन्ही पायांच्या मधोमध. म्हणजे पोलाद जागचं हललेलं नव्हतं. मग त्यानं पायडल फिरवता फिरवता हँडल डावीकडं वळवलं.

खाट. साखळी उडाली.

उजवीकडं वळवलं. खाट. परत उडाली.

नानासोची नजर हळूहळू वर गेली. हार. रंगुबाईनं हार नुसता घातला नव्हता. समोरच्या त्या दोन वायरींच्या कमानी तिला हारासाठीच केल्यासारख्या वाटल्या होत्या. दोन्हींना मिळून सुतळीनं आवळून तिनं हार असा बांधला होता, की हँडल वळलं की हार वायरी ओढणार आणि वायरी गियर ओढणार.

"मास्तर, तुमी हार काढला कसा न्हाई?"

"पूजेचा हार," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "शीव ओलांडल्याबिगर कसा काढायचा?"

नानासोनं घसा साफ केला. एकतीस वर्षांच्या संसारात काही वाक्यं जपून बोलावी लागतात. "हार झ्याक झालाय. जरा सैल असता तर..."

"व्हय, मीच आवळलाय," रंगुबाई म्हणाली. "वाऱ्यानं उडू नये म्हणून. का?"

 तिनं सायकलीकडं बघितलं, हाराकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

"मग सकाळपास्नं त्वांड शिवून का बसलायसा? कात्री आणा."

"कात्री पूजेत हाय."

आता रंगुबाईची पंचाईत झाली. गाठ तिचीच, म्हणजे शेळ्या बांधणाऱ्या घरातली, ओढ लागली की आणखी घट्ट होणारी. मास्तरांनी नखानं प्रयत्न केला. नानासोनं दात लावले आणि तोंडात झेंडू घेऊन मागं सरला. शेवटी रंगुबाईनंच दोघांना बाजूला केलं, सुतळी आधी उलटी ढकलून सैल केली, मधला फास करंगळीनं उचलला आणि गाठ सुटली. "बकरं असतं तर एवढ्यात रानात गेलं असतं," ती म्हणाली, आणि हार सीटच्या मागं नीट अडकवून दिला.

ओढाताणीत वायर जराशी सैल झाली होती. नानासोनं नळीवरचा तो छोटा स्क्रू बोटांनी पाव फेरा फिरवला, पायडल मारलं, आणखी पाव फेरा. टक. टक. टक. हँडल डावीकडं वळवलं, साखळी जागेवर. उजवीकडं, तरी जागेवर.

"चला," तो म्हणाला. "मी येतो मागनं, मेढ्यापतुर."

मास्तर पुढं, नानासो मागं स्कूटरवर. साताऱ्याच्या अलीकडं मास्तर अजून बिचकत होते. गियर बदलायची वेळ आली की उजवा हात सवयीनं खाली जायला निघे, अर्ध्यात आठवण होई आणि परत मुठीवर येई. साताऱ्याच्या पुढं तो हात निघायचाच थांबला. कण्हेरच्या बाजूला पहिला चढ लागला.  मास्तरांची बोटं आतल्या अंगाला हलली, टक, पाय जरा भराभर फिरू लागले, आणखी एकदा टक. खांदे जागच्या जागी. हँडल एखाद्या जुन्या शिस्तीच्या शाळेसारखं सरळ.

चढाच्या मध्यावर मास्तरांनी मान वळवून हाक मारली, "नानासो!"

नानासोनं स्कूटर जोरात पुढं घेतली. "काय झालं? उडालं काय?"

"काय न्हाई झालं. तुझी ती फटफट बंद कर आणि परत जा. गियरचा आवाज ऐकू येत न्हाई मला."

"मी मेढ्यापतुर येतो म्हणालो होतो की."

"कशाला? माझ्यामागं राखणदार बघून माया काय म्हणंल? जा रं."

आणि मास्तर उभे राहून पायडल मारत वळणामागं गेले. नानासोनं स्कूटर बंद केली. वळणापलीकडून एकदा टक ऐकू आलं, मग नाही.

त्यानं फोन काढला.

"पोचलं का मास्तर?" रंगुबाईनं विचारलं.

"पोचत्यात."

"पोचत्यात म्हंजी? तुमी कुठं हायसा?"

"मला हाकललं त्यांनी," नानासो म्हणाला. हे त्यानं इतक्या तोऱ्यात सांगितलं, की पलीकडं रंगुबाईला वाटलं, सरकारनं पदक दिलं असणार.