भावाचं इंग्रजी

माझा धाकटा भाऊ रेणापूरहून शिकायला परदेशी गेला आणि तिथल्याच फौजेत भरती झाला. नागरिकत्व लवकर मिळतं, एवढंच त्यानं फोनवर सांगितलं. "आपल्या फौजेत जागा नव्हती का?" असं आई मलाच विचारायची. पुढे तिथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न झालं. मग कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या लढाईत त्याच्या डोक्यात लोखंडाचा तुकडा शिरला.

तो वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. काही महिन्यांनी वाचा परत आली ती फक्त मराठी, तीही रेणापूरची. इंग्रजीतलं साधं वाक्य त्याला कळेना की जुळवता येईना, आणि बायकोला मराठी येत नव्हती. शेवटी ती त्याला घेऊन लातूरला आमच्याकडे आली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे नवरा-बायकोच्या मध्ये बसायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला सोपं होतं. गोळी घेतली का, भाजी तिखट झाली का, नांदेडच्या डॉक्टरांकडे कधी जायचं. पण माणसं एवढंच बोलत नाहीत. तो रागानं काही बोलला की ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी तेच तिला सावकाश, व्याकरण सांभाळून सांगायचे. तोवर त्याचा राग ओसरलेला असायचा आणि तिचा सुरू व्हायचा.

एका दुपारी आई मेथी निवडत होती. तो म्हणाला, "अक्का, तिला सांग, मी आता तिकडं येणार न्हाई. तिनं जावं."

मी मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

"सांग की."

मी जसंच्या तसं सांगितलं.

तिनं इंग्रजीत विचारलं, "त्याला मी नकोय, की माझे हाल बघवत नाहीत?"

मी त्याला विचारलं. "मलाच कळंना," तो म्हणाला.

हेही मी तिला सांगितलं. आईला इंग्रजी कळत नाही, पण ती मेथी तशीच टाकून उठली आणि सुनेजवळ जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात भावजय परत गेली. हैदराबादच्या विमानतळापर्यंत मी सोबत होते. वाटेत ती एकदाच बोलली, "तो मुका होता तेव्हा वाटायचं, बोलायला लागला की सगळं ठीक होईल."

त्याच्या बोलण्यावर नांदेडला उपचार चालू आहेत. थोडे इंग्रजी शब्द परत आलेत. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा तो मला बोलवत नाही. शेजारच्या खोलीत त्याचे अडखळते शब्द ऐकू येतात, आणि मधली लांबच लांब शांतता.

परवा आईनं त्याला विचारलं, "येणार हाय का ती?"

"तसं काय बोलली न्हाई," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं चपला ओढून बाहेर गेला.