सरकीच्या तेलातला समुद्र

जवसाच्या तेलाचा वास आला की धुळ्याच्या चित्रकला कॉलेजातलं माझं शेवटचं सबमिशन आठवतं. विषय होता समुद्रातली शिडाची नौका. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि समुद्र तर कुणीच पाहिलेला नव्हता. तरी कोळशाचं रेखाटन जमलं, टर्पेंटाइनमधलं पातळ आभाळही वाळलं. पाणी रंगवायला घेतलं आणि रंगात मिसळायचं जवसाचं तेल संपलं. आमच्या शिंदखेड्यात मिळेना. दुसरं कोणतं तेल चालेल हे सरांना फोन करून विचारणं कमीपणाचं वाटलं, म्हणून आईकडे तेल मागितलं. तिनं स्वयंपाकाचं सरकीचं दिलं. लाटा काय चमकल्या! पण ते जवसासारखं वाळेना, आठ दिवस उन्हात ठेवूनही चिकटच. शेवटी ओल्यावरच पांढरं शीड चढवलं, तर ते नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखं दिसायला लागलं. मी आईवर ओरडले. "तू तेल मांगं ना पोरी, मी तेल दिधं," ती म्हणाली. सरांनी शिडाला बोट लावलं, बोट निळं झालं. "तेल कोणतं?" "जवसाचं," मी ठोकून दिलं. काठावर पास झाले. आई अजून पाहुण्यांना सांगते, "मन्हा तेलनी पोरनं चित्र बिघाडं." आणि मी, एवढी शिकलेली, शेजारी बसून गप्प ऐकते.