कुलूप माझं, हातही माझाच

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरची गन हातात घेतली आणि वास आला. गोमूत्राचा.

गन म्हणजे वायरीच्या टोकाचा जाड दांडा, जो गाडीत खुपसतात. दोन दिवसांपूर्वी मीच ती नवी कोरी बसवली होती. आता आतल्या पिनांवर पिवळट ओघळ वाळलेले. गाडी जोडली की मशीन खटकन बंद पडायची, म्हणून मला बोलावलं होतं.

सोसायटी गंगापूर रोडवरची. वॉचमनदादा सटाण्याकडचे. त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काल पूजा व्हयनी ना. तुना हात लागना व्हता म्हनीसन काकानी गोमूत्र टाकं. मन्हं नाव लेऊ नको, भाऊ."

काका म्हणजे सोसायटीचे चेअरमन. मशीन बसवून झाल्यावर मी त्यांना ती चालवून दाखवली होती. गन कशी धरायची, गाडीत कशी लावायची. तेव्हा ते छान बोलले. "अहो, चहा घेणार का?" मग सहज विचारावं तसं विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा." चहा आलाच नाही. निघताना आवाज आला, "ए, तो कचरा उचलून ने तुझा." एका आडनावात मी 'अहो'चा 'ए' झालो. असल्या 'अच्छा'ची मला सवय होती. गिळला आणि निघालो.

पण हे गिळता येईना.

कारण त्या सोसायटीत मशीन दोन होत्या. पलीकडच्या विंगमधली माझ्या जोडीदाराने बसवली. त्याचं आडनाव त्यांना चालणारं. मी जाऊन ती पाहिली. हळदकुंकू, स्वस्तिक, झेंडूचा हार. गन कोरडी ठणठणीत. मशीन मस्त चालू. शुद्धी फक्त माझ्या हाताची झाली होती. तीही विजेच्या यंत्रात पाणी ओतावं तशी. इतकी घाई विटाळ धुवायची!

काका खाली आले. सोबत चार-पाच रहिवासी. कुणाला ऑफिसला जायचं होतं, कुणाची गाडी अडली होती. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काम जमत नाही तर घेता कशाला? कोट्यातून आले की हे असंच."

मी विचारलं, "काका, गनमध्ये काय ओतलं?"

"ओतलं काय ओतलं? थोडं शिंपडलं. नवी वस्तू आहे."

"मग पलीकडची पण नवीच आहे."

एकाने घड्याळ पाहिलं. एक बाई मोबाईलमध्ये बघायला लागल्या. त्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला. काका एकटेच होते, ते गप्प बसणारे चार-पाच होते. शिकलेले. मुलांना परदेशात पाठवणारे.

काका म्हणाले, "वाद नको. तू बाजूला हो. त्या दुसऱ्या मुलाला बोलव. आता मशीनला त्यानेच हात लावायचा."

कानशिलं तापली. खोटं कशाला बोलू, हात उचलावासा वाटला. पण हात बॅगेत घातला आणि लाल कुलूप काढलं.

आमच्या कामात एक नियम आहे. बिघाड दिसला की मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, वर आपल्या नावाची पट्टी लटकवायची. ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हातसुद्धा लावायचा नाही. कारण आत कुणाचा तरी जीव अडकलेला असू शकतो.

त्या दिवशी माझाच अडकला होता.

खटकन कुलूप घातलं. एरवी पट्टीवर मी नुसतं पहिलं नाव लिहितो. त्या दिवशी जाड मार्करने पूर्ण नाव लिहिलं. बापाचं नाव, आडनाव. आडनाव सगळ्यात मोठं.

म्हणालो, "हे मीच काढणार. याच हाताने. आधी तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, काय शिंपडलं आणि कशासाठी."

काकांनी सांगितलं नाही. त्यांनी फोन लावला. चावी खिशात टाकून गेटबाहेर पडलो नाही तोच माझा फोन वाजला. सुपरवायझर.

"अरे, कस्टमर आहे तो! सॉरी बोल, वायरिंग लूज होती म्हण आणि मोकळा हो. नोकरी नकोय का?"

"नोकरी हवीय," मी म्हणालो. "सॉरी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः कटर घेऊन गेला आणि माझं कुलूप तोडलं. जोडीदाराने नवी गन बसवली. त्याने मला फोन केला नाही, मीही केला नाही. मला शहरातून काढून हायवेवरच्या चार्जरांवर टाकलं, चांदवडच्या बाजूला. शिक्षा म्हणून.

घरी आईला सगळं सांगितलं. आई पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडते, पेट्या भरते. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, पोटाकडं बघ. पण ती आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत बसली. मग म्हणाली, "माझ्या हातची द्राक्षं ते लोक खातच असतील ना रं? तव्हा नाय बाटत?"

त्या रात्री मी जेवलो नाही. राग काकांचा होता, सुपरवायझरचा होता. पण आईला आपले हात असे निरखून पाहावे लागले, त्याचा सगळ्यात जास्त.

आता हायवेवर असो की कुठे, काम सुरू करायच्या आधीच मी पट्टी लटकवतो. पूर्ण नाव, आडनाव ठळक. कुणाला विचारायची तसदी घ्यावी लागत नाही. लोक वाचतात. काही जण 'अच्छा' म्हणतात. मी त्यांच्या डोळ्यांत बघतो, ते नजर वळवेपर्यंत.

गोमूत्राचे वाळलेले ओघळ असलेली ती गन जोडीदाराने भंगारात टाकली होती. मी ती भंगारवाल्याकडून मागून आणली. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली आहे. परत कुणी माझा हात लागला म्हणून काही शिंपडलं, तर कुलूप घालीन. आणि या वेळी चावी घेऊन घरी जाणार नाही. ही पिशवी आणि चावी, दोन्ही घेऊन पोलीस ठाण्यात जाईन. तक्रारीखाली सही करीन. पूर्ण नावाने.