सरस्वतीपूजा, पिवळी साडी आणि आईचा फोन

मंडळी, आजचं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

आज सरस्वतीपूजा. कोलकात्यात या दिवशी शाळकरी मुली साड्या नेसून दिवसभर फिरतात. माझी चौदा वर्षांची बहीण मनूही आईची पिवळी साडी नेसून शाळेत गेली. दुपारी यायची होती. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही, फोनही उचलेना.

मी शोधायला निघाले, तेव्हा शेवटी हुगळीकाठी बागबाजारच्या घाटावर सापडली. वर्गातल्या एका मुलाशेजारी बसून खळखळून हसत होती. घरी ती हल्ली अशी हसत नाही.

"ए ताई, पोलिसासारखी बघू नकोस. आईला सांग ना, मैत्रिणींबरोबर होते म्हणून."

तेवढ्यात आईचाच फोन. "सापडली का गं?"

खोटं बोलायचं नाही, हे मी आईकडूनच अक्षरओळखीच्या आधी शिकले. पण खरं सांगितलं तर मनू मला पुन्हा काही सांगणार नाही.

मी म्हटलं, "सुखरूप आहे. बाकीचं तिच्याकडूनच ऐक," आणि फोन मनूच्या हातात दिला.

तिने सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून आई आम्हा दोघींशी बोलत नाही आणि मनू माझ्याकडे बघतही नाही.

तुम्हीही कुणाची तरी ताई असाल. मी तिला एकटं पाडलं का?