बिनमिठाची ज्योत

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. माहेर चोपड्याचं. गोवा मुक्त होऊन बारा-पंधरा वर्षं झाली असतील, तेव्हा एका उन्हाळ्यात मला छोट्या तुकडीबरोबर पाठवलं. डिचोलीकडून इब्रामपूरपर्यंत डोंगरांवर रेडिओ कुठे लागतो ते बघायचं, आणि वाटेतल्या गावांत आजारी माणसं तपासायची. सगळं पायी. नर्सबाई आणि पाठीवर पिठ्ठू, असं वाटेल तुम्हांला. होय, पिठ्ठूच.

आम्ही चौघं. पंजाबचे कॅप्टनसाहेब, हवालदार रघुनाथ परब, लान्स नायक गावस आणि मी. परब दोडामार्गचा. साहेबांसमोर मला "मॅडम" म्हणायचा. साहेब चार पावलं पुढे गेले की, "बाय, पाणी पी. मागाहून चक्कर येयत."

स्वयंपाक परबकडे. घट्ट दुधाचा रिकामा डबा कापून त्यानं स्टोव्ह बनवला होता. कडेनं खिळ्यानं भोकं, आत माझ्या पेटीतला कापूस, त्यावर स्पिरिट. भात उकळला की पातेल्याखाली, स्टोव्हच्या तोंडावर पत्र्याचं झाकण ठेवायचा. झाकणाला मधोमध रुपयाएवढं भोक. मग ज्योत बारीक व्हायची आणि पेज तासभर हळूहळू रटरटायची. लाकडं नकोत, धूर नको.

पण स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. अजिबात नाही. हात भाजल्यावरच कळतं. म्हणून परबचे दोन नियम. पेटवण्याआधी कापसात चिमूटभर मीठ चोळायचं. मिठानं ज्योत पिवळी होते, दिसते. आणि स्पिरिट ओतणाऱ्यानं आधी ओरडायचं, "ज्योत?" परबनं झाकण उचलून, वर सुकं पान धरून बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं, "निवली!" म्हणजे विझली. उत्तर आल्याशिवाय स्पिरिटच्या डब्याला हात नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही इब्रामपूरच्या अलीकडे एका काजूबागेत थांबलो. बागेची मालकीण जनीकाकी. नवरा नाही, पदरात दोन मुली. काजीखाली पानांचा गुडघाभर थर. पाय टाकला की कुरकुर वाजायचा. काकीनं पहिलं तेच सांगितलं.

"बाबांनो, हंय उजो घालू नकात. पालो सुको आसा. काजी जळल्यो तर माजें वर्स जळलें."

"काकी, आमचा उजा डब्यातला," परब म्हणाला. "कोंबडीसारखा झाकून ठेवतंव."

ती हसली, पण स्टोव्हवरून नजर काढली नाही. परबनं पानं बाजूला सारून जमीन मोकळी केली. वीसेक पावलांवर सडा होता, उघडा काळा कातळ. मी म्हटलं, तिकडे नेऊया का? साहेब म्हणाले, ऊन फार आहे, रेडिओ सावलीतच हवा. रेडिओही परबच बघायचा, म्हणून स्टोव्ह रेडिओजवळच राहिला.

काकीनं जाताना पदरातून तोरं काढून दिली, कोवळे हिरवे आंबे. परबनं मिठाची पुडी उघडली. तळाशी थोडंसंच होतं. तोरांना लावलं, उरलेलं पेजेत टाकलं.

गावस म्हणाला, "हवालदार, चुलीक काय घालतलास?"

"एक दिस बिनमिठाची ज्योत चलात रे. बिनमिठाची पेज कोण गिळतलो? तुझो सासरो?"

सगळे हसलो. साहेबांना समजलं नाही, तरी तेही हसले.

दुपार झाली. वारा पडला. पाखरंही गप्प झाली होती. परब कानाला हेडफोन लावून सेटवर बसला. "बेस, बेस, फॉर वन. रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर." खरखर. पुन्हा तेच. पेजेचं रटरटणं बंद पडल्यासारखं वाटलं. गावसनं पातेलं उतरवलं, स्पिरिटचा डबा उचलला आणि ओरडला, "ज्योत?"

परबच्या कानावर हेडफोन. उत्तर नाही.

झाकण सारून गावस वाकला. पिवळं काहीच दिसेना. रोज पिवळी बघायची सवय. पिवळी नाही म्हणजे विझली. त्यानं ओतलं.

भक् असा आवाज झाला. धार पेटली आणि ज्योत धारेवरून डब्यात चढली. गावस डबा धरून थिजला. पायाखाली ती पानं.

"टाकू नको!" परब ओरडला. "टाकू नको, गावस!"

हेडफोन फेकून त्यानं पेटता डबा दोन्ही हातांनी ओढून घेतला, छातीशी धरला आणि सड्याकडे धावला. स्पिरिट त्याच्या शर्टावर सांडत होतं. आग दिसत नव्हती. शर्ट काळा पडत चाललेला तेवढा दिसत होता. कातळावर पोचला तेव्हाच त्यानं डबा सोडला.

मी चादर टाकली, पाणी ओतलं. साहेब सेटवर होते. "बेस, कॅजुअल्टी वन. सीरियस बर्न्स. सेंड व्हेइकल. ओव्हर." सेट, दिवसभर न लागलेला, तेव्हा लागला. गाडी यायला वेळ होता, म्हणून परबला जवळच्या खाणीच्या ट्रकातून खाली नेलं. मी मागे बसून सलाइन वर धरलं. गावस त्याच्या पायांशी.

हॉस्पिटलात परब चार दिवस होता. त्याच्या वॉर्डातली ड्युटी मी मागून घेतली. शेवटच्या सकाळी त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. ओठ हलले. मी कान खाली नेला.

"बाय... ज्योत?"

"निवली," मी म्हटलं. "एक पान जळलं नाही काकीचं."

त्यानं मान हलवली. दहाच्या राउंडला डॉक्टर आले, तेव्हा तो गेला होता.

लढाईत गेला नाही म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. त्या मोसमाच्या काजूंवर काकीनं थोरल्या मुलीचं लग्न केलं. मी गेले होते. सकाळच्या पंगतीत गावस पेज वाढत होता. माझ्या वाटीशी आला, थांबला, आणि आधी मीठ वाढलं.