परक्याच्या हातचा घास

यल्लाप्पाबद्दल लिहायला बसलो की आधी एका कुत्रीबद्दल लिहावं लागतं. याचाच मला राग येतो, पण इलाज नाही. बेळगावात कॅम्पाच्या कडेला एका सरकारी खात्याचं श्वानपथक आहे. कोणतं खातं ते सांगणार नाही. मी तिथल्या कुत्र्यांना तपासायला जाणारा जनावरांचा डॉक्टर, आणि सरकारी पगारावरच माझंही घर चालतं. त्या पथकात लूसी नावाची काळी लॅब्राडोर होती. पुरलेली स्फोटकं हुंगून काढण्यात तिचा हात धरणारं दुसरं कुत्रं आसपासच्या चार जिल्ह्यांत नव्हतं. आठ वर्षं तिनं काम केलं आणि तिचं कौतुक कितीदा तरी पेपरात छापून आलं. यल्लाप्पाचं नाव एकदाही आलं नाही. हजेरीपटावर तो ठेक्यावरचा स्वच्छता कामगार होता.

झाडलोट तो करायचाच. पण पहाटे पाचला सायकल हाणत यायचा तो झाडायला नव्हे. कुत्र्यांसाठी भात आणि मटण शिजत घालायचा, गाजरं किसून टाकायचा, मग एकेकाला बाहेर काढून पंजे उघडून बघायचा, काटा रुतलाय का म्हणून. कान तर तो हुंगूनच तपासायचा. "डाक्टर, लुशीचा डावा कान बिगाडलाय," म्हणायचा, आणि मी दिव्याची नळी घालून बघितलं की डावाच कान बिघडलेला असायचा. कागदावर ती लूसी, त्याच्या तोंडात लुशी. मी त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. हे आठ वर्षं चाललं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लूसीची साखळी धरणारा हँडलर होता नागेंद्र. जांबोटीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, उंचापुरा, फोटोत शोभणारा. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. नियम असा की कुत्र्याला खाऊ घालायचं ते हँडलरनंच, म्हणजे कुत्रं त्याचं ऐकतं. पण नागेंद्र आठला यायचा, मटणाच्या वासानं नाक मुरडायचा, आणि खाण्याच्या रजिस्टरवर सही ठोकून मोकळा व्हायचा. खाऊ घालायचा यल्लाप्पा. महिन्याच्या शेवटी त्या रजिस्टरवर नागेंद्रच्या सहीखाली माझी सही असायची, 'तपासले' म्हणून. मी काय तपासलं होतं ते देवाला ठाऊक.

आता या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. अशा कुत्र्यांना विषाची भीती असते. म्हणून परक्याच्या हातचं खायचं नाही हे त्यांना शिकवावं लागतं. हे शिकवणंही नागेंद्रचंच काम होतं, आणि तेही केलं यल्लाप्पानं. कधी पोस्टमनला, कधी दूधवाल्याला, कधी मला तो मटणाचा तुकडा द्यायचा आणि लूसीपुढं धरायला सांगायचा. आत कडुलिंबाचा पाला वाटून भरलेला असायचा. लूसीनं तोंड घातलं की कडूजहर. मग तसाच तुकडा, पण साधा, तो स्वतःच्या हातानं द्यायचा. आम्ही तुकडा धरला की तो बाजूला उकिडवा बसून मनात आकडे मोजायचा. लूसी किती वेळ थांबते, त्यावर त्याचं लक्ष. "थांबली म्हंजी शिकली," म्हणायचा. "जिनावराचं समदं त्या थांबन्यात कळतं, डाक्टर." दोन वर्षांत ती इतकी पक्की झाली की यल्लाप्पाशिवाय कुणाच्या हातचं, कुणी ठेवलेल्या ताटलीतलंही खाईना.

हे शिक्षण त्यालाच भोवलं. त्यानं कुठं जायचं नाही, आजारी पडायचं नाही, सुट्टी घ्यायची नाही. त्याची आई शेवंताबाई वारली तेव्हा सकाळी तिला अग्नी दिला आणि दुपारी हा निपाणीहून एसटीनं परत, लूसी उपाशी आहे म्हणून. याला निष्ठा म्हणतात. कुत्र्यात असली तर पदक मिळतं.

आणि मिळालंच. तीन वर्षांमागं कुणीतरी भरदिवसा कंपाउंडवरून विष घातलेलं मटण आत टाकलं. दोन कुत्री तडफडून गेली. लूसीनं हुंगलं आणि मान फिरवून बसून राहिली. तिच्या गळ्यात पदक पडलं, नागेंद्रला प्रशस्तिपत्र मिळालं. यल्लाप्पानं मेलेल्या दोन कुत्र्यांसाठी खड्डे खणले.

त्या दिवशी खड्डे बुजवून झाल्यावर तो माझ्याशेजारी, म्हणजे खाली पायरीवर, बसला आणि आपल्याच तंद्रीत बोलायला लागला. "माझी आय आदी बोरगावात लोकांच्या रानात भांगलायला जायची. मागनं निपाणीच्या वखारीत तंबाकू निवडाय लागली. रानात बाया भाकरीला बसल्या की एकमेकींस्नी कालवान द्यायच्या. माझ्या आयनं आपलं कालवान फुडं केलं की समद्यांची पोटं भरल्याली असायची. मी ल्हान हुतो, मला वाटायचं ह्या बाया लई कमी जेवत्यात." तो हसला. "आन् ही लुशी बगा. मोठ्या सायबाच्या हातचं खाईत न्हाय, शेवंताबाईच्या पोराच्या हातचं तेवढं खाती."

मग त्यानं डबा उघडला आणि नेहमीसारखं विचारलं, "डाक्टर, चला की, दोन घास." मीही नेहमीसारखं म्हणालो, "आत्ताच जेवून आलोय." ही कथा ऐकल्यावर पाच मिनिटांच्या आत म्हणालो. तेव्हा माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत लूसी निवृत्त व्हायची होती. निवृत्त कुत्रं कुणाच्या घरी द्यायचं हे तिघांची समिती ठरवते, आणि तिसरी सही डॉक्टरची, म्हणजे माझी. पहिला हक्क हँडलरचा. पण कुत्र्याच्या तब्येतीसाठी दुसरा माणूस योग्य आहे असं डॉक्टरनं लिहिलं तर त्याला मिळतं. यल्लाप्पाला हे कुणी सांगितलं कोण जाणे. समितीच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. पथकातल्या एकोणीस वर्षांत त्यानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

"एक ओळ लिवा डाक्टर. लुशी माझ्याबिगार खाईत न्हाय. येवढंच. खोटं न्हाय ह्यात कायबी."

"बघू," मी म्हणालो.

सरकारी माणूस 'बघू' म्हणाला की काय समजायचं ते सगळ्यांना समजतं, यल्लाप्पालाही समजलं असणार. तरी तो "व्हय, व्हय" करत हात जोडून गेला. ती ओळ खरी होती हीच तर अडचण होती. ती लिहिली असती तर आठ वर्षांचं रजिस्टर खोटं ठरलं असतं. पहिली सही नागेंद्रची, खालची माझी. मी लिहिलं, 'प्रकृती वयोमानानुसार ठीक. हँडलरकडे सोपवण्यास हरकत नाही.' झोप मात्र चांगली लागली, खोटं कशाला सांगू?

निरोपाचा समारंभ मोठा झाला. मांडव, बँड, फुलांनी सजवलेली जीप. मागं कन्नडमध्ये मोठा फलक होता, कष्ट आणि निष्ठेला सलाम अशा अर्थाचा. साहेबांनी भाषण केलं की माणसानं या मुक्या प्राण्याकडून शिकावं, तक्रार न करता राबावं, मोबदल्याची अपेक्षा ठेवू नये. यल्लाप्पा मांडवाच्या मागं पाण्याची बादली घेऊन उभा होता. त्याला ते शिकायचं बाकी नव्हतं.

मग साहेबांना हौस आली. त्यांनी कुंद्याचा डबा मागवला आणि फोटोवाल्यांपुढं लूसीला एक घास भरवायला गेले. कुत्र्याला गोड देऊ नये हे सांगायचं काम माझं, पण मी गप्प. लूसीनं मान फिरवली. लोक हसले. नागेंद्रनं पुढं होऊन कुंदा धरला. लूसी त्याच्या मागं कुणालातरी शोधत होती. साहेबांचा चेहरा उतरला तेव्हा कुणीतरी धावत जाऊन यल्लाप्पाला आणलं आणि सांगितलं, तू वाकून बस, नुसता हात पुढं कर. त्यानं कुंदा घेऊन हात पुढं केला. लूसीनं एका क्षणात कुंदा चाटून टाकला आणि टाळ्या पडल्या.

समितीतले आम्ही तिघंही पहिल्या रांगेत होतो. तिघांनीही हे डोळ्यांनी बघितलं, आणि "बाईसाहेबांचे नखरे!" म्हणून हसलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. साहेब हसताहेत, नागेंद्र हसतोय, लूसी खातेय, आणि खालून मनगटापर्यंतचा एक हात तेवढा आलाय. यल्लाप्पाचा मुलगा भीमरत्न निपाणीत बँकेत अधिकारी आहे. त्यानं तो पेपर बापासमोर टराटरा फाडला म्हणे. "आप्पा, बास आता. कुत्र्यामागं जन्म घालवलासा, आन् त्येंनी तोंडबी छापलं न्हाय." यल्लाप्पानं त्यावर एवढंच विचारलं, की लुशी नीट आली हुती का फोटोत.

नागेंद्र लूसीला गावी घेऊन गेला, जांबोटीच्या पुढं दोन कोसांवर. चौथ्या दिवशी मला त्याचा फोन. "डॉक्टर, शिवतसुद्धा न्हाय वो कशाला. आईनं अंडी दिली, कोंबडी शिजवली. ओढ्याचं पाणी तेवढं पिती."

"यल्लाप्पाला बोलावून घे," हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मग पुन्हा तेच सगळं, का बोलावलं, कशासाठी, रजिस्टरमध्ये काय आहे. मी म्हणालो, "भूक लागली की खाईल. जनावर आहे ते."

एवढं शिकून मी हे बोललो. लूसीला भूक लागली होतीच. भूक मारून बसायचं हेच तर तिला शिकवलं होतं.

यल्लाप्पानं नागेंद्रला दोनदा फोन केला, येऊ का म्हणून. नागेंद्र म्हणाला, तू आलास तर ती इथं कधीच रुळायची नाही. यल्लाप्पानं तेही ऐकलं. त्याला वाटलं, हँडलर आहे, त्याला कळत असणार. आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाची ही चूक होती, आणि ती त्याला आम्हीच शिकवली होती.

अकराव्या दिवशी नागेंद्रची आई मालूबाई फोनवर रडायला लागल्या तेव्हा मी सलाईनच्या बाटल्या घेऊन निघालो. पोचलो तर गोठ्यात यल्लाप्पा बसलेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अखेर न राहवून सकाळच्या पहिल्या गाडीनं जांबोटीला उतरला आणि पुढचे दोन कोस चालत आला होता. लूसीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. घरून आणलेला भात तो बोटांनी कुस्करून तिच्या जिभेवर ठेवत होता आणि ती गिळत होती. अकरा दिवसांनी, त्याच्या हातचा. म्हातारी कुत्री, मूत्रपिंडं आधीच थकलेली. मी तपासलं आणि सुई न लावताच पिशवी बंद केली.

मालूबाईंनी चहा आणला. मला कपातून, यल्लाप्पाला कागदी पेल्यातून. तोही त्याच्या हातात न देता त्यांनी जमिनीवर ठेवला, आणि कुत्रीकडं बघून पदरानं डोळे पुसले. बाई मनापासून रडत होत्या. तेच तर मला समजत नाही.

दुपारी लूसी गेली. यल्लाप्पानं खड्डा खणला.

नंतर महिन्याभरानं मी त्याच्या घरी गेलो. लूसीबरोबर त्याचं ठेक्याचं कामही संपलं होतं. नागेंद्रनं लूसीचा गळपट्टा माझ्याकडं दिला होता, तो द्यायचं निमित्त होतं. यल्लाप्पा एकटाच जेवायला बसला होता. भाकरी, वांग्याची भाजी, खरडा. त्यानं गळपट्टा घेतला, हुंगला आणि शेजारी ठेवला. "बसा," म्हणाला आणि जेवू लागला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला दोन घास विचारले नाहीत.

मी बराच वेळ वाट बघितली. मग मीच म्हणालो, "मला नाही वाढणार, यल्लाप्पा?"

त्यानं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "डाक्टर, लुशीला मी शिकवलं, परक्याच्या हातचं खायाचं न्हाय म्हणून. दोन वर्सं लागली, कडू चारायला लागलं. तुमास्नी कुणी शिकवलं वो?"

त्यानं भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर भाजी घेतली आणि हात माझ्यापुढं धरला. लूसीपुढं धरायचा तसाच, तळवा वर करून. आणि तो बघत राहिला.

मी घास घेतला. खाल्लाही. पण घेताना माझा हात लगेच उठला नव्हता, क्षणभर थांबला होता. यल्लाप्पानं तेवढं मोजलं आणि मान खाली घालून जेवायला लागला.